पहिला कोण आहे?

सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, गेलं की पहिला कलाकार चुकवायचा नाही, हा आमच्या बाबांचा नियम. लहानपणी मला या नियमाचा भयंकर राग यायचा. डिसेंबरातली दुपार, रमणबागेच्या मांडवात चांगलंच उकडतंय, स्वेटर कमरेला बांधलेला कारण रात्री कुडकुडायचंय, भारतीय बैठक निम्मी रिकामी, आणि स्टेजवर असा कुणीतरी गायक की निवेदकाने नाव सांगूनसुद्धा मागच्या काकू शेजारच्या काकूंना विचारतायत, कोण म्हणाले हो? तो बिचारा घोटभर पाणी पिणार, तानपुऱ्याकडे बघणार आणि भीमपलास सुरू करणार. बाबा मात्र अशी मांडी ठोकून बसणार की जणू खुद्द भीमसेनजीच आलेत. एकदा मी वैतागून विचारलं, बाबा सगळे लोक संध्याकाळी येतात तसे आपण का नाही येत? तर म्हणाले, "अगं, मोठ्या लोकांचं काय, ते घरी कॅसेटवर आहेत. हा मुलगा अजून कॅसेटवर नाहीये."

तेव्हा ते डोक्यावरून गेलं. आता मी पस्तिशीला आलेय, सवाईला क्वचित जाते (हे बाबा वाचणार नाहीत अशी आशा), माझं वेड वेगळं, इंडी बँड. पण नियम तोच.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, कुठल्या बड्या म्युझिक कंपनीच्या पैशावर नाही तर स्वतःच्या खिशातून, म्हणजे बहुतेक वेळा हिंजवडीतल्या पगारातून, गाणी करणारे लोक. हा शब्द रुळला तो इंग्लंडातल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांमुळे. त्यातली एक रफ ट्रेड, १९७६ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं साधं रेकॉर्डचं दुकान, जे दोनच वर्षांत स्वतः रेकॉर्डही काढायला लागलं. हे मी बाबांना सांगितलं तर ते लगेच, "म्हणजे आपलं अलूरकर!" आणि खरंच की, कर्वे रोडवरचं अलूरकर म्युझिक हाऊस दुकानही होतं आणि स्वतः शास्त्रीय गायकांच्या कॅसेटही काढायचं. बाबा तिथे एक कॅसेट घ्यायला जायचे आणि काउंटरवर गप्पा मारून तीन घेऊन यायचे, ज्यातल्या दोन गवयांचं नाव आईने कधी ऐकलेलं नसायचं. आई त्यावर काय बोलायची ते जाऊ दे.

तर माझ्या बँड शोधण्याची पद्धत एकदम साधी आहे. गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, वेळेवर जायचं. बस. आता पुण्यात गिग म्हणजे पोस्टरवर आठ लिहिलेलं असतं, दरवाजा साडेआठला उघडतो, ज्यांच्यासाठी लोकांनी तिकीट काढलंय ते साडेनऊला येतात, आणि मधल्या वेळात एक बँड वाजवून जातो ज्याला ओपनर म्हणतात आणि ज्याचं नाव पोस्टरवर खाली, स्पॉन्सरच्या लोगोच्या जरासं वर, भिंगातून बघावं लागेल एवढ्या अक्षरात असतं. मला त्याच बँडमध्ये रस असतो. समोर असतात जेमतेम चौदा-पंधरा माणसं. त्यातले सहा बँडचे कॉलेजचे मित्र, जे प्रत्येक गाण्याला जरा जास्तच ओरडतात. एक एक्स गर्लफ्रेंड असावी असा माझा अंदाज, ती बारपाशी उभी राहून फोनमध्ये बघते पण पायाने ताल धरते. एक दोन लोक चुकून आलेले, ज्यांना फक्त बिअर हवी होती. आणि दोन हमखास असतात, ड्रमरचे आई-बाबा. ड्रमरचेच का ते माहीत नाही, पण गाणाऱ्याचे आई-बाबा मी कधी पाहिले नाहीत, ड्रमरचे दर वेळी. बहुतेक ते ड्रमकिट गाडीत टाकून आणायला दुसरं कुणी नसतं म्हणून. आई पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत, चेहऱ्यावर कौतुक आणि कानावर हलकेच एक हात.

दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मला एक बँड सापडला. नाव सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढे येईलच. चार जण, पहिलं गाणं इंग्रजीत आणि अगदीच बेसूर, दुसरं जरा बरं, मग गाणारा मुलगा माईकपाशी येऊन म्हणाला, "आता पुढचं गाणं नवीन आहे" आणि आम्ही सगळे हसलो कारण आम्हाला सगळीच नवीन होती. तोही हसला. तिसरं गाणं मराठीत होतं. त्यातच कीबोर्डची पिन सैल झाली, आवाज येतोय जातोय येतोय जातोय, साउंडवाला भाऊ जागेवर नाही, तेवढ्यात ड्रमरचे बाबा उठले, पन्नाशी ओलांडलेले, चौकड्याचा शर्ट, शांतपणे स्टेजच्या कडेला उकिडवे बसले आणि एक्स्टेन्शन बोर्डातली पिन अंगठ्याने दाबून धरून अख्खं गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले, मान मात्र समेवर हलतेय. मी तुम्हाला सांगते, एवढं सुंदर गाणं मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नाही. आता त्यात गाणं किती आणि ते काका किती हे वेगळं काढता येत नाही, आणि मी काढायला जातही नाही.

आता कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, फोन आहे ना. आहे की. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं तेव्हापासून माझ्याकडे आहे, दर सोमवारी ते मला ३० गाण्यांची यादी न चुकता देतं आणि त्यातली चार-पाच आवडतातही. पण त्याची गंमत अशी की ते बघतं, तुमच्यासारखी गाणी ऐकणारी बाकीची माणसं अजून काय ऐकतात, आणि ते तुमच्या पुढ्यात वाढतं. म्हणजे आधी कुणीतरी ऐकलेलं पाहिजे. ज्याला अजून कुणीच ऐकलं नाही त्याला ते सुचवणार कसं? लग्नाच्या पंगतीत सगळे काय घेतायत ते बघून वाढणारा वाढपी असतो ना, तसं. मठ्ठा सगळ्यांकडे जाईल, कोपऱ्यातली लसणाची चटणी कुणी मागितलीच नाही तर तिची वाटी तशीच परत. त्यात २०२४ पासून नियम असा की एखादं गाणं वर्षभरात १००० वेळा तरी वाजलं नाही तर त्याचे पैसेच धरले जात नाहीत. हे वाचल्यावर मी त्या पिनवाल्या बँडचं मराठी गाणं ऑफिसमध्ये म्यूट करून लावून ठेवायला लागले. नंतर कळलं की म्यूट केलेलं धरतात की नाही याबद्दल लोकांची जोरदार भांडणं आहेत, मग आवाज एकवर ठेवला. शेजारच्या क्युबिकलमधला मुलगा म्हणाला, तुझ्या लॅपटॉपमधून डास गुणगुणल्यासारखं काहीतरी येतंय.

कुणीतरी पहिलं ऐकावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे. इंग्लंडात जॉन पील नावाचा एक रेडिओवाला होता, बीबीसी रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ मध्ये वारेपर्यंत, त्याच्याकडे देशभरातल्या पोरांच्या डेमो टेप्स यायच्या आणि तो त्या खरंच ऐकायचा आणि वाजवायचा, कधीकधी चुकीच्या स्पीडवर रेकॉर्ड लावून मग माफीही मागायचा. आणि तिकडच्या शेफील्डचे आर्क्टिक मंकीज, त्यांनी गिगला आलेल्यांना डेमोच्या सीड्या फुकट वाटल्या, त्या पोरांनी गाणी इंटरनेटवर चढवली, आणि २००६ च्या जानेवारीत पहिला अल्बम आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथे साडेतीन लाखांवर खपला. आता त्या पहिल्या सीड्या घेणाऱ्यांपैकी कुणी आज पबमध्ये बसून किती भाव खात असेल याची कल्पना करा. आपल्याकडे तर रॉक बँडची बातमी देणारं रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक १९९३ मध्ये निघालं तेही मुंबई-दिल्लीतून नाही, अलाहाबादहून! मला ही गोष्ट का कोण जाणे फार आवडते.

२०१० च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात पहिला एनएच सेव्हन वीकेंडर हा बँडांचा फेस्टिवल झाला तेव्हा मी कॉलेजात होते. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम (वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते ती सोडा), त्याच नियमाने सवाईच्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली संपवल्या म्हणून बाबा आजही हळहळतात. पण त्याच नियमामुळे असा उघड्यावरचा फेस्टिवल भर दुपारी सुरू करावा लागतो, आणि नवे बँड उन्हात वाजवतात. स्टेजसमोर गवत, गवतावर आम्ही पाच जणी, डोक्यावर ओढणी, आणि समोर घामाने निथळणारा गिटारवाला. मैत्रिणी म्हणाल्या चल ना सावलीत. मी म्हटलं थांब गं, हे अजून कॅसेटवर नाहीयेत. तोंडातून गेलं आणि मीच दचकले, बाबा बोलल्यासारखं वाटलं.

आता नाव का सांगत नाही ते. कबूल करते, हा शुद्ध कोतेपणा आहे. बँड सापडला की पहिल्यांदा वाटतं सगळ्या जगाला ओरडून सांगावं, आणि जगाने खरंच ऐकलं की पोटात दुखतं. माझी एक मैत्रीण प्रतीक कुहाड या इंडी गायकाला तो छोट्या-छोट्या जागी वाजवायचा तेव्हापासून ऐकायची. २०१९ च्या शेवटी ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं गाणं आलं, मी आनंदाने फोन केला तर म्हणाली, "हो, आता ओबामा पण." तिचा तो 'पण' मला अजून ऐकू येतो. आमच्या पुण्यात तर 'मी आधी ऐकलंय' हा संगीताचा स्वतंत्र प्रकारच आहे. ईझी वाँडरलिंग्स हा बँड पुण्यातून सुरू झाला तर इथे दर तिसरा माणूस त्यांना पहिल्या गिगपासून ओळखतो. त्या पहिल्या गिगला एवढी माणसं असती तर ती बालगंधर्वला ठेवावी लागली असती.

माझ्या पिनवाल्या बँडचंही तेच झालं. गेल्या हिवाळ्यात पोस्टर बघितलं तर त्यांचं नाव वर, मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात दुसरंच कुणीतरी. तिकीट ४९९. मी दोन काढली कारण बाबा म्हणाले मी पण येतो. मला वाटलं गंमत करतायत. तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "पहिला कोण आहे?"

वनाजहून मेट्रोने बंडगार्डन, तिथून रिक्षा. मेट्रो रामवाडीपर्यंत झाल्यापासून कोथरूडच्या माणसाला कोरेगाव पार्क परदेश वाटत नाही. आम्ही आठ वाजता दारात हजर, दार अर्थातच बंद. दारावरच्या मुलाने बाबांच्या मफलरकडे बघून विचारलं, काका, कुणाचे पेरेंट्स? बाबा म्हणाले, "कुणाचेच नाही, श्रोता आहे."

ओपनर एक एकटी मुलगी होती, गिटार आणि पायाशी लूप पेडल. ती एक ओळ गुणगुणायची, पायाने पेडल दाबायची, मग तोच आवाज मागे फिरत राहायचा आणि त्याच्यावर ती दुसरी ओळ धरायची. बाबा कानात कापूस घालून आले होते, तो त्यांनी दुसऱ्या गाण्याला काढून शर्टाच्या खिशात ठेवला. माझ्याकडे वाकून म्हणाले, "म्हणजे हिने स्वतःच स्वतःचा तानपुरा लावलाय की गं." मग म्हणाले आवाज वर चढवताना घसा आवळते, पण ठीक आहे, वय आहे. गाणं संपल्यावर त्यांनी "वा" म्हटलं, ते एवढ्या मोठ्याने की ती पोरगी माईकवर "थँक यू अंकल" म्हणाली आणि बाबा चक्क लाजले. सेट संपल्यावर तिच्याकडे जाऊन कुणाकडे शिकतेस ते विचारून आले. यूट्यूबवर, असं उत्तर मिळालं. त्यावर बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे बरंच काही बोलायचं होतं.

तोपर्यंत हॉल गच्च भरला होता. दोनशे तरी माणसं असतील. दिवे बदलले, आरडाओरडा सुरू झाला, आणि माझे चौघे स्टेजवर आले, नवीन शर्ट, नवीन कीबोर्ड, पिन एकदम घट्ट, शेजारी स्वतःचा साउंडवाला. ड्रमरचे आई-बाबा कुठे दिसेनात. पहिला सूर लागला तसे माझ्या आजूबाजूचे सगळे गायला लागले, ते मराठी गाणं, अख्खं पाठ, दोनशेच्या दोनशे.

बाबांनी माझ्या खांद्याला हात लावला. मफलर गुंडाळून झालेला.

"चला, निघू या? मेट्रो मिळेल अजून."

"अहो बाबा, आत्ता तर सुरू झालं! यांच्यासाठीच तर आलो ना?"

"हे काय, हे तुझ्या फोनवर आहेत की," ते म्हणाले, आणि गर्दीतून वाट काढत दाराकडे चालायला लागले. मी अर्धं गाणं दारात उभी राहून ऐकलं, एक पाय आत, एक बाहेर, आणि मग धावत जाऊन रिक्षा थांबवली.