चाळीस नावांचं बॅनर

2019 च्या फेब्रुवारीत मी दिग्रसला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनिंगला होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फेब्रुवारी म्हणजे फ्लेक्सवाल्यांचा सिझन, लग्नं सुरू असतात, 15 तारखेला संत सेवालाल महाराज जयंती, या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे भरपूर आणि त्यांचं तीर्थ पोहरादेवी जवळच त्यामुळे ती कामं आधीपासूनच सुरू, मग 19 ची शिवजयंती. त्यात त्या वर्षी 16 तारखेला पांढरकवड्याला पंतप्रधानांचा बचतगटाच्या महिलांचा मेळावा होता, गावोगावच्या बाया गाड्या करून जाणार होत्या, त्याचे स्वागताचे बॅनर वेगळे. मशीन बंद व्हायला मागत नव्हती.

14 तारखेला गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागले. पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याला जम्मू-श्रीनगर हायवेवर सीआरपीएफच्या ताफ्यात स्फोटकांनी भरलेली कार घुसवली. 78 गाड्यांचा ताफा, अडीच हजाराच्या आसपास जवान, आणि त्यातली एक बस त्या कारच्या तावडीत सापडली. जैश-ए-मोहम्मदनं जबाबदारी घेतली. आकडा आधी कमी होता, मग वाढत गेला, शेवटी 40 झाला. आणि मग कळलं की त्यात दोन जण आपल्या विदर्भातले, बुलढाणा जिल्ह्यातले, एक मलकापूरचे आणि एक लोणार तालुक्यातले. टीव्हीवर पाहणं वेगळं आणि लोणार म्हटल्यावर वेगळं, तिकडं तर आमच्या कितीतरी लोकांच्या सोयरिकी आहेत.

लोकांचं दुःख खरं होतं हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी सगळ्यांनाच नावं ठेवतेय. आमच्याकडून जयंतीचं बॅनर नेलेल्या एका तांड्यातल्या पोरांनी रात्रीच फोन करून सांगितलं की डीजे कॅन्सल केला, मिरवणूक नाही, फक्त भोग लावून आरती करणार. चौकातल्या चहाच्या टपरीवर लोक उभे राहून टीव्ही पाहत होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आमच्या दुकानात फ्लेक्सला रिंगा मारणारा पोरगा रोज पहाटे आर्णी रोडवर धावायला जायचा, भरतीची तयारी, आमच्या भागात अशी पोरं प्रत्येक गावात आहेत, घरी चार-पाच एकर कोरडवाहू, कापूस न् सोयाबीन, मोठ्याला शेती आणि लहाना भरतीला. तो त्या रात्री जेवला नाही. मी म्हटलं घरी जा तर म्हणे, "नाही ताई, आता श्रद्धांजलीचे बॅनर येतीन, थांबतो."

आणि आले. शुक्रवारी सकाळी शटर वर करायच्या आधी लोक उभे. सगळे पक्ष, सगळ्या संघटना, मंडळं, होऊ घातलेले उमेदवार, त्यांचे माणसं. सगळ्यांना काळं बॅकग्राऊंड, एका कोपऱ्यात तिरंगा, एका बाजूला मेणबत्ती. दुपारपर्यंत मशीनची काळी शाई संपत आली, मालकांनी यवतमाळहून मागवली.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना माहीत नसेल, फ्लेक्सवरच्या फोटोंचं एक शास्त्र असतं. वर एका पट्टीत देशाचे नेते, त्याखाली राज्याचे, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे, आणि उजव्या बाजूला ज्यानं पैसे दिले त्याचा कमरेपर्यंतचा मोठा फोटो, हात जोडलेला. वाढदिवसाला, दिवाळीला, नियुक्तीला हेच. श्रद्धांजलीलाही तेच मागत होते. जवानांचा फोटो कुठं घ्यायचा विचारलं तर म्हणायचे मधात घ्या ना कुठीतरी, अमर जवानची बंदूक अन् टोपी टाकून द्या. एक जण माझ्या खुर्चीच्या मागं उभा राहून, "ताई, साहेबाचा फोटो जराक मोठा घे ना," असं करत करत स्क्रीनवर साहेब एवढे वाढले की मेणबत्ती झाकली गेली.

दुसरं म्हणजे सगळ्यांचे फोटो हसरे. मी प्रत्येकाला म्हणायचे भाऊ, न हसणारा फोटो पाठवा, श्रद्धांजली आहे. कोणाकडं नव्हताच. पोरं मोबाईलमध्ये खाली-वर करत राहायची, साहेब लग्नात हसतायत, उद्घाटनात हसतायत, सत्कारात हसतायत. एकानं तर तिथंच उभं राहून साहेबांना फोन लावला, साहेबांनी गाडीत बसल्या बसल्या गंभीर चेहऱ्याचा सेल्फी काढून पाठवला, तो इतका अंधारा होता की छापण्यासारखा नव्हता. शेवटी हसराच गेला. चाळीस माणसं मेलेली आणि त्याखाली ओळीनं दात दिसतायत, असे बॅनर त्या दिवशी मी एकामागून एक सेव्ह केले आणि मला आतून मळमळत होतं.

फोटोंचं आणखी एक. कोणीतरी व्हॉट्सअपवरून मृतदेहांचे तुकड्यांचे फोटो घेऊन आला, हे टाका म्हणे, पब्लिकचं रक्त उसळलं पाहिजे. मी नाही म्हटलं. ते फोटो कुठले, कोणाचे, काही पत्ता नाही, आणि खरे असते तरी कोणाच्या घरच्यांनी ते चौकात का पाहावेत. मालक माझ्या बाजूनं उभे राहिले, म्हणून नोकरी राहिली. दोन दिवसांनी, 17 तारखेला, खुद्द सीआरपीएफनंच सांगितलं की आमच्या जवानांचे म्हणून खोटे फोटो फिरवले जातायत, द्वेष पसरवायला, ते पुढं पाठवू नका.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी एक काका आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. जवळच्याच तांड्यातले. त्यांचा मुलगा सीआरपीएफमध्ये, तोही काश्मीरातच, वेगळ्या बटालियनमध्ये. रात्रभर फोन लागला नव्हता, पहाटे लागला. मला म्हणाले,

"पोरी, मले एक बोर्ड करून दे. चाळीसच्या चाळीस नावं पायजेत."

"फोटो कोणाचा घ्यायचा काका?"

"कोनाचाच नाही."

"खाली नाव? कोणाकडून?"

"कोनाकडूनच नाही."

बाजूला एका पक्षाचा पोरगा त्याच्या बॅनरची वाट पाहत बसला होता, तो म्हणाला, "काका, मंग लोकाईले कसं समजन कोनं लावलं?" काका त्याच्याकडं वळून म्हणाले, "कोनं लावलं हे कायले समजाले पायजे बाबू? कोन गेलं ते समजाले पायजे." पोरगा गप्प झाला. वाईट नव्हता तो, त्याला खरंच सुचलं नव्हतं की असंही बॅनर असतं.

मी अमर जवानचं चित्र लावायला घेतलं तर काकांनी थांबवलं. ते मिलिटरीचं हाय म्हणाले, हे पोरं सीआरपीएफचे, गृहमंत्रालयात येते ते, त्याईचा बिल्ला टाक. मग त्यांनी मला सांगितलं की त्यांचा मुलगा निवडणुकीच्या ड्युटीला कुठंकुठं जाऊन आला, नक्षल भागात किती दिवस राहिला, सुट्टी कशी नाकारली जाते, आणि गावात अजूनही लोक त्याला मिलिटरीवाला म्हणतात. त्यांचा राग त्याचाच जास्त होता, की मेल्यावरही आपल्या पोरांना लोक दुसऱ्याच कोणाच्या नावानं ओळखतात.

नावांची यादी मोबाईलवर इंग्रजीत आलेली होती, काका बाजूला स्टुलावर बसले आणि मी श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक टाईप करत गेले. सकाळपासून फोटो कापून कापून हाताला सवय झालेली, पण नावं टाईप करताना हात थांबत होता. कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, कॉन्स्टेबल. यूपीचे तर 12. केरळातल्या वायनाडचा एक, कर्नाटकातल्या मंड्याचा एक, आणि एक राजौरीचा, म्हणजे जम्मू-काश्मीरचाच, मुसलमान. ते नाव आल्यावर मागं उभ्या असलेल्या एकाचं तोंड जरा वेगळं झालं, हा पण का, असं. काका म्हणाले हा पण. त्याच बशीत होता.

रात्री उशिरा ते बॅनर मशीनवरून उतरलं. रिंगा मारणाऱ्या पोरानं पैसे घेऊ नका म्हणून मालकांकडं हट्ट धरला, पण काकांनी पूर्ण पैसे मोजून दिले.

शनिवारी 16 तारखेला बुलढाण्याच्या दोन्ही जवानांवर अंत्यसंस्कार होते, आणि त्याच दिवशी आमच्या जिल्ह्यात पांढरकवड्याचा मेळावा. मोदी तिथं बोलले की सुरक्षा दलांना पूर्ण मोकळीक दिली आहे. माझी मावशी बचतगटाकडून गेली होती, ती म्हणाली बाया रडत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या. मी दोन्ही खरं मानते. त्या रडल्या त्या कोणाच्या सांगण्यावरून नाही.

पण मग पुढच्या आठवड्यात आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, शिकायला आलेल्या काश्मिरी पोरांना मारहाण झाली. त्याचा व्हिडिओ आमच्या दुकानात लोकांनी एकमेकांना दाखवला. मला त्या वेळी एक गोष्ट मोठ्यानं सांगावी वाटली आणि मी सांगितलीही, की ज्या सीआरपीएफची चाळीस माणसं गेली त्याच सीआरपीएफनं 16 तारखेलाच जाहीर केलं होतं की काश्मीरबाहेर राहणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना कुठं त्रास झाला तर आमच्या मददगार हेल्पलाईनला, 14411 ला, फोन करा. ज्यांच्या घरचे गेले ते दुसऱ्यांची पोरं सांभाळायला उभे, आणि ज्यांचं काहीच गेलं नाही ते हॉस्टेलच्या पोरांवर हात टाकतायत. मला यात देशभक्ती कुठं दिसत नाही, अजूनही दिसत नाही.

त्या दिवसांत आमच्याकडच्या गप्पाच बदलल्या. त्याआधी राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला होता, 2017 च्या बोंडअळीचं लोक अजून विसरले नव्हते, कापसाचा भाव, पाणी, कर्जमाफी, हेच चालायचं. 2014 च्या निवडणुकीआधी आमच्या शेजारच्या आर्णी तालुक्यातल्या दाभडीला मोदींची चाय पे चर्चा झाली होती, त्यात दिलेल्या शब्दांचं काय झालं हे लोक उघड विचारत होते. पुढं लोकसभेला यवतमाळ-वाशिममधून वैशाली येडे उभ्या राहिल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, ज्यांच्या हातून जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं होतं. त्या बोलायच्या ते आमच्या घरातलं बोलायच्या. पण 26 फेब्रुवारीला बालाकोटचा हवाई हल्ला झाला, मग आपले पायलट अभिनंदन पकडले गेले आणि सुटून आले, आणि त्यानंतर कोणी बोंडअळी काढली की समोरचा म्हणायचा, देशाचं पाहा आधी. माझं म्हणणं एवढंच की लेथपोऱ्यात एवढी स्फोटकं आली कुठून, एवढा मोठा ताफा रस्त्यानं का निघाला, हे विचारणं म्हणजेच देशाचं पाहणं होतं. पण इतक्या बॅनरांमध्ये हा प्रश्न लिहायला सांगणारा एकही गिऱ्हाईक आला नाही, विरोधातल्या पक्षाचाही नाही. त्यांनाही वर नेते आणि उजवीकडं स्वतःचाच फोटो पाहिजे होता.

10 मार्चला निवडणूक जाहीर झाली. आदल्या दिवशीच निवडणूक आयोगानं पत्र काढलं होतं, जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका. आचारसंहिता लागली तसे नगरपरिषदेचे लोक शिडी घेऊन फिरले, फेब्रुवारीतले श्रद्धांजलीचे फ्लेक्स धडाधड निघाले, नेत्यांचे फोटो होते म्हणून. काकांच्या तांड्याच्या फाट्यावरचं राहिलं, त्यावर काढण्यासारखं कोणीच नव्हतं. आम्हा प्रिंटिंगवाल्यांना मीटिंगला बोलावून लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-क समजावून सांगितलं, प्रत्येक प्रचार साहित्यावर छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता, डिक्लेरेशन, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मार्चच्या शेवटी एक कार्यकर्ता आला, फेब्रुवारीत सगळ्यात मोठा फ्लेक्स त्याचाच होता. आता त्याला उमेदवाराच्या मागं तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या पाहिजे होत्या. मालकांनी फक्त डिक्लेरेशनचा फॉर्म पुढं केला, यावर सही कर अन् दोन ओळखीच्या माणसांच्या घे. तो चिडला. "शहिदाच्या बॅनरवर सही कायची मागता?" मालक म्हणाले, "शहिदाचं असतं तं मागितली नसती." तो उठून गेला, दुसरीकडं करून घेतो म्हणाला. केलं का नाही मला माहीत नाही, आमच्या रोडवर तरी दिसलं नाही.

9 एप्रिलला लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत मोदींनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना विचारलं की तुमचं पहिलं मत पुलवामाच्या शहिदांना, बालाकोटच्या वीर जवानांना समर्पित होऊ शकतं का. आमचा रिंगावाला पोरगा पहिल्यांदाच मत देणार होता, त्यानं ते मोबाईलवर दोनदा ऐकलं. 11 ला आमच्याकडं मतदान झालं, त्यानं कोणाला दिलं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो परत धावायला गेला.

29 एप्रिलला महाराष्ट्रातला शेवटचा टप्पा संपला. आणि 1 मे ला, महाराष्ट्र दिनाला, गडचिरोलीत जांभूरखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी सुरुंगानं पोलिसांची गाडी उडवली. 15 जवान आणि गाडीचा ड्रायव्हर. हे तर आपल्या विदर्भातच, आपलेच पोलीस.

2 तारखेला मी लवकर दुकान उघडलं, मला वाटलं गर्दी होईल. लग्नाचे बॅनर होते. दुपारी मीच त्या फेब्रुवारीतल्या मोठ्या फ्लेक्सवाल्या कार्यकर्त्याला फोन लावला, भाऊ, गडचिरोलीचं करायचं का काही. तो म्हणाला, "आता कायले ताई, आचारसंहिता हाय न." मी म्हटलं श्रद्धांजलीला मनाई नाही, फक्त तुमचा फोटो येणार नाही. "पाहतो, सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा परत फोन आला नाही. मला त्याचा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

संध्याकाळी मालक म्हणाले आपणच करू, दुकानाचं नाव नको. मी नावं लावली, 15 मोठ्या अक्षरात आणि ड्रायव्हरचं खाली वेगळ्या ओळीत, कारण बातमीत तसंच होतं. मालकांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले ड्रायव्हर वर घे, सोळाही नावं एकाच मापात ठेव. तसं केलं, आठ बाय चारचं, आणि रात्री त्या पोरानं बसस्टँडसमोर बांधलं.