प्रश्न क्रमांक १४

गिऱ्हाईक बनून गुपचूप दुकानं तपासायच्या पहिल्याच कामात मला माझ्या मुलीने पकडून दिलं.

बुटांच्या दुकानात शिरताशिरता मी पर्समध्ये हात घालून मोबाइलचं स्टॉपवॉच चालू केलं होतं. कुणीतरी येऊन 'काय हवंय' विचारेपर्यंत किती वेळ गेला, ते मिनिटं-सेकंदांत लिहायचं होतं. सेल्समन समोर आला, मी गुपचूप पुन्हा पर्समध्ये हात घातला, तोच कन्यारत्न खणखणीत आवाजात म्हणालं, "आई, थांबवलास का टायमर?" मी "अगं, पार्किंगचा" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण रिपोर्टमध्ये प्रश्न होताच: तुम्ही ओळखले गेलात असं वाटतं का? 'हो' लिहिलं आणि काम बाद झालं. बूट मुलीच्या पायात, बिल माझ्या गळ्यात.

तेव्हापासून एकटीच जाते.

मिस्टरी शॉपिंग म्हणजे साध्या गिऱ्हाइकाच्या वेशात जाऊन दुकानाची परीक्षा घ्यायची. बऱ्याचदा दुकानाची कंपनी हे काम मधल्या एजन्सीला देते आणि एजन्सी आपल्यासारख्यांना. प्रकार जुना आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेत हे नाव रूढ झालं, तेव्हा मुख्य काम होतं नोकर गल्ल्यात हात मारतात का ते बघणं. आता चोरीपेक्षा हसून नमस्कार केला का, पावती हातात दिली का, स्वच्छतागृहात साबण होता का, यांचा हिशोब जास्त.

जाण्याआधी पाच-सहा पानांच्या सूचना पाठ कराव्या लागतात. कोणत्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत जायचं, काय विचारायचं, कोणता शब्द स्वतःहून काढायचा नाही. आत असताना कागद काढायची सोय नाही. म्हणून मी बाहेर पडले की पहिल्या कोपऱ्यावर थांबून स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवते: 'निळा शर्ट, चष्मा, नावाची पट्टी ओढणीखाली झाकलेली, काउंटरवर दोन जण, एक फोनवर.' येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी नवऱ्याशी भांडतेय असं वाटत असणार. रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत द्यायचा असतो.

माझा पहिला पूर्ण झालेला रिपोर्ट परत आला होता. मी लिहिलं होतं, 'कॅशियर उद्धट होती.' एजन्सीत रिपोर्ट तपासणाऱ्या तपासनीस बाईंनी विचारलं, म्हणजे नेमकं काय केलं? मी आठवत बसले. तिने माझ्याकडे न बघता पैसे घेतले आणि सुट्टे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले. बस, एवढंच. तेवढंच लिहा, म्हणाल्या. लिहिल्यावर वाचून पाहिलं तर मला स्वतःलाच ती कॅशियर उद्धट वाटेना. दमलेली वाटली. पण 'दमलेली' लिहायलाही परवानगी नव्हती.

पैशांचं विचाराल तर एका कामाची फी दिसायला बरी असते. तीत जाण्यायेण्याचा वेळ, सूचना वाचायचा तास आणि रिपोर्टचे दीड-दोन तास मिळवा, मग ताशी किती पडतात ते कागदावर मांडा. मी एकदाच मांडलं. खरेदीचे पैसे परत मिळतात, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि पावती हरवली तर तेही नाहीत. आधी खिशातून घालायचे आणि मग महिना-दीड महिना वाट बघायची. एकाच दुकानात काही महिने परत पाठवत नाहीत, त्यामुळे जवळची कामं संपली की लांबची उरतात. वरखर्चाला ठीक आहे. यावर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याला काहीतरी विकायचं असतं.

फसवणूकही याच नावावर भरपूर चालते. नोंदणीसाठी पैसे मागितले की तिथूनच मागे फिरायचं. दुसरा प्रकार जास्त बेरकी: घरी मोठ्या रकमेचा चेक येतो, 'खात्यात भरा, तुमची फी ठेवा, उरलेल्या पैशांची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर कळवा.' खात्यात रक्कम दिसते म्हणून माणूस विश्वास ठेवतो. चेक खोटा असल्याचं बँकेला नंतर कळतं, तोवर कार्डं रिकामी झालेली असतात आणि रक्कम आपल्याला भरावी लागते. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचं हित जपणारी तिथली सरकारी संस्था) लोकांना याबद्दल सावध करत आलं आहे.

परवाचं काम मोबाइलच्या दुकानात होतं. चार्जर घ्यायचा, आणि सेल्समन स्वतःहून जादा विमा योजना सुचवतो का ते बघायचं. पोरगा विशीतला असेल. त्याने माझा फोन मागून घेतला, मागची बाजू पाहिली, बोटाने पोर्टमधली धूळ दाखवली. स्वतःच्या खिशातून टूथपिक काढून हलकेच साफ केली, दुकानातला चार्जर लावून दाखवला. फोन चार्ज व्हायला लागला. "ताई, तुमचा चार्जर बिघडलेला नसणार. घरी जाऊन लावून बघा, नाही चालला तर या."

मला तर चार्जर विकत घेणं भाग होतं! "असू दे एक जास्तीचा," म्हटलं. बिल करताना भीत भीत विचारलं, आणखी काही घ्यावं का? "इतक्या जुन्या फोनला काही नको. पैसे वाचवा."

घरी येऊन प्रश्नावली उघडली. प्रश्न क्रमांक १४: कर्मचाऱ्याने विमा योजना सुचवली का? हो किंवा नाही. तिसरं खानंच नव्हतं. 'नाही' म्हटलं की त्याचे गुण जाणार, आणि वर नाव लिहायच्या जागी मी त्याचं नाव आधीच टाइप करून बसले होते. 'हो' लिहिणं म्हणजे शुद्ध खोटं.

'नाही' लिहिलं. रात्री तपासनीस बाईंचा मेसेज आला: १४चं उत्तर नक्की ना? मी कळवलं, "हो. नाहीच."

शेरा लिहायच्या चौकटीत हजार अक्षरांची मर्यादा होती. टूथपिकपासून 'पैसे वाचवा'पर्यंत सगळं लिहिलं, माझं मत कुठेही न घालता. नऊशे शहाण्णव झाली.