वणी-घुग्घुस रोडवरचं आमचं होज पाईपचं दुकान : आमची वाटचाल

आमचं होज पाईपचं, म्हणजे यंत्रांत तेल वाहणाऱ्या तारेच्या रबरी पाईपचं, दुकान वणी-घुग्घुस रोडवर, जिथं दिवसरात्र कोळशाच्या गाड्या पळतात. २०१६ ला सुरू केलं. त्याआधी मी नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत एका होजवाल्याकडे हेल्पर होतो, कटिंग, क्रिम्पिंग (पाईपच्या टोकाला लोखंडी फिटिंग दाबून बसवणं) सगळं तिथंच हाताखालून गेलं, मग सरकारच्या मुद्रा योजनेतून किशोर गटाचं लोन काढलं, हातपंपाची क्रिम्पिंग मशीन न एक जुनं कटर आणलं आणि शटर वर केलं. बायकोचं म्हणणं होतं मोबाईलचं दुकान टाका, कपडे तरी धुता येतील.

पहिली दोन-तीन वर्षं जेसीबी आणि ट्रॉलीच्या जॅकचे पाईप, बस. सँपल आलं, मापानं तसंच बनवून दिलं, पैसे घेतले, विषय संपला. आमचं नाव झालं ते मात्र ट्रान्समिशन कूलरच्या, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या, लाईनमुळे.

खाणीतले मोठे डंपर, रेल्वे सायडिंगवरचे लोडर, आता काही टिपरसुद्धा, यांना टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद पुढे देणारा, गिअरबॉक्स असतो. लोड घेऊन गाडी चढ चढते तेव्हा कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळून जाम तापतं, ते एका लाईननं समोर कूलरला जातं आणि थंड होऊन दुसऱ्या लाईननं परत येतं. या लाईनला प्रेशर जॅकच्या मानानं काहीच नाही. पाऊण इंची आर-टू (आत तारेच्या दोन जाळ्यांचा) होज दोनशे बारच्या वर सहन करतो, इथं त्याची गरजच नाही. इथं पाईप मरतो तो उष्णतेनं आणि घासून. साधा होज सतत १०० डिग्रीपर्यंतच चालतो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे बाहेरच ४६-४७, कूलरच्या जाळीत कोळशाची धूळ लिंपलेली, मग तेल शंभरी ओलांडणार नाही तर काय. आतलं रबर कडक होतं, जुना पाईप वाकवला की कडकड आवाज येतो, आणि फेरूलपाशी, म्हणजे टोकाला दाबलेल्या लोखंडी बांगडीपाशी, तेल पाझरायला लागतं. मेकॅनिक म्हणतो क्रिम्प ढिला आहे, अजून दाब. दाबून काय होणार, रबरच मेलंय! तिथं दीडशे डिग्रीचा हायटेंप होजच लागतो. महाग पडतो, त्यावरून रोज घासाघीस होते.

एक गाडी तर सारखी यायची. "भाऊ, पाईप बनवून दे लवकर, गाडी उभी हाय." तोच पाईप, तीच जागा फुटलेली. शेवटी मीच पान्हे घेऊन साइटवर गेलो. चेसिसवरच्या क्लॅम्पचं रबर कधीच गळून गेलेलं, नुसती पत्री उरलेली, आणि इंजिन हललं की ती पत्री होजला करवतीसारखी कापत होती, वरचं कव्हर जाऊन आतली तार चमकत होती. क्लॅम्प बदलला, होजला स्पायरल गार्ड चढवलं आणि पाईप थोडा लांब ठेवला, कारण ताणून बसवलेला पाईप इंजिनच्या झटक्यात निप्पलमधून निसटतो. परत ती गाडी त्या कामाला आली नाही. गिऱ्हाईक गेलं म्हणा हवं तर, पण त्या गाडीच्या मालकानं आपल्या ओळखीच्या सगळ्यांना आमच्याकडे पाठवलं. तेव्हापासून पाईप का फुटला हे बघितल्याशिवाय कूलर लाईन देत नाही, दुकानातला पोरगा गाडीपाशी जातो नाहीतर फोटो मागवतो.

लोखंडी लाईन गंजून गळत असेल तर लोक अजून एक जुगाड करतात, सडलेला तुकडा कापायचा, मधे रबर पाईप न दोन क्लिपा आवळायच्या. गॅरेजपर्यंत आणायला ठीक आहे. पण एका ठेकेदाराची गाडी तशीच लोडवर चालवली, चढावर पाईप निघाला, बघता बघता तेल खाली, ड्रायव्हरला कळेपर्यंत गिअरबॉक्सच्या प्लेटा जळाल्या. बिल लाखात गेलं. वेल्डिंगही मी टाळायला सांगतो, पाईपच्या आतली लोखंडाची पापडी सुटून थेट कूलरमध्ये जाऊन अडकते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं बंद पण खाणी चालू होत्या, त्यामुळे आमचंही शटर चालू राहिलं, आणि त्याच कामाच्या जोरावर पॉवरची क्रिम्पिंग मशीन घेतली. आता प्रत्येक फेरूल दाबल्यावर व्हर्नियर लावून माप बघतो, होजमधून हवेनं फोमची गोळी मारून कापल्याचा भुसा काढतो आणि दोन्ही टोकांना टोप्या लावूनच पाईप देतो. या टोप्यांवरून लोक हसायचे. तो भुसा व्हॉल्व्हमध्ये गेला की कोण हसतं ते बघा.

उधारीचं काय सांगू. छोट्या उद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, कायदा म्हणतो ४५ दिवसांत पैसे द्या, ठेकेदार "बघू जी" म्हणतो. म्हणून आता नवीन माणसाला अर्धे पैसे आधी.

येणाऱ्यांना एवढंच सांगणं, जुना पाईप धुवून पुसून आणू नका, आहे तसा आणा, तेल कुठून आलं ते त्या चिखलावरूनच दिसतं. काढायच्या आधी लाईन कुठून कशी गेलीय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसत असेल तर पाईपसाठी येऊच नका, रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी तेलात गेलंय, गाडी सुरूसुद्धा करू नका, टोचन करून सरळ गिअरबॉक्सवाल्याकडे न्या.