आमची वाटचाल: आधी मीटर, मग पाना

सोलापुरात आमचं दुकान सुरू झालं ते डायनामो, सेल्फ आणि हेडलाइटच्या वायरिंगवर. 2014 साली सेलेरिओ एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) आली, क्लच पेडल नसलेल्या गाड्या इकडेही दिसू लागल्या, आणि हळूहळू टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची इलेक्ट्रिकल तपासणी हेच आमचं मुख्य काम झालं. गिअरबॉक्स आम्ही खोलत नाही. तो खोलायची गरज आहे का, एवढंच सांगतो.

तपासायचे असतात ते सॉलेनॉइड, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाची वाट उघडणारे-मिटणारे विजेवरचे व्हॉल्व्ह. आधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढायची. मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले की 0.2-0.3 ओहम येतो, तो प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स, म्हणून पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा. मग कंट्रोल मॉड्यूलचा (गिअर बदलायचा हुकूम देणाऱ्या कॉम्प्युटरचा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून वायरिंगच्या बाजूने सॉलेनॉइडच्या पिनांवर माप घ्यायचं. कपलर तसाच ठेवला तर मॉड्यूलच्या आतूनही करंट फिरतो आणि आकडा फसवतो. गिअर बदलणारा शिफ्ट सॉलेनॉइड साधारण 10 ते 30 ओहम, तेलाचा दाब सांभाळणारा प्रेशर कंट्रोल सॉलेनॉइड 5 च्या आसपास. पक्का आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. माप चुकीचं आलं तर गिअरबॉक्सवरच्या कपलरपाशी पुन्हा घ्यायचं. तिथे बरोबर आलं, तर दोष मधल्या वायरिंगमध्ये.

आकड्याशेजारी तापमान लिहिलं नसेल तर तो आमच्या लेखी रद्दी. 20 अंशांना 20 ओहम दाखवणारी तांब्याची कॉइल 100 अंशांना 26 च्या पुढे जाते. मे महिन्यात दुपारभर उन्हात तापलेल्या गाडीचं रीडिंग ‘कोल्ड’ म्हणून लिहायचं नाही. सकाळी सुरळीत चालणारी गाडी तासाभराने एकाच गिअरात अडकत असेल, तर तेल गरम असतानाच मापावं. कॉइलमधली तुटकी तार बऱ्याचदा तेव्हाच उघडी पडते.

शेतवस्तीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांचा ताप फार. कुरतडलेली वायर किंवा हिरवी पडलेली पिन मीटरवर कित्येकदा ठीक दिसते, कारण मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो; सॉलेनॉइडला अर्धा-एक अँपियर लागतो. म्हणून वायर दोन्ही टोकांना मोकळी करून तिच्यातून 21 वॅटचा बल्ब पेटवतो आणि दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप बघतो. 0.2 व्होल्टच्या वर गेला की वायर बदला.

कपलरच्या फिमेल पिनेत जाड प्रोब खुपसू नका. पिन फाकते आणि नसलेला लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. हॉल सेन्सरला (चुंबकाच्या साहाय्याने फिरण्याचा वेग ओळखणाऱ्या सेन्सरला) तर ओहमवर मीटर लावूच नये, त्याला सप्लाय देऊन सिग्नल बघायचा.