“डोळ्यांत बघून बोल”

बहिणीच्या मुलाला फ्रॅजाइल एक्स हा जनुकीय आजार निघाला, तेव्हा मी माझ्या मुलीबद्दल, मनूबद्दल, एका डॉक्टरांना विचारलं. “तो मुलग्यांचा आजार,” म्हणून त्यांनी वाटेला लावलं. आमच्या पंचवटीत तर तिची ओळख ठरलेलीच होती: लाजाळू. मुलीची जात, लाजणारच! गणितात मागे, पाहुणे आले की मोरीत लपणार.

त्यात वर्ष गेलं. मग दुसरीकडे दोघींचं रक्त दिलं. एफएमआर1 जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ती 200 च्या वर गेली की जनुक बंद पडतं. मनूचं तसंच निघालं. मुलीचं दुसरं एक्स गुणसूत्र थोडंफार सांभाळून घेतं, त्यामुळे कित्येकींचं मतिमंदत्व सौम्य राहतं आणि नजरेत भरतो तो नुसता बुजरेपणा. माझ्यातही साखळी वाढलेली निघाली, पण 200 च्या आतली. सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा मात्र त्यांनीच केला.

समुपदेशक बाई म्हणाल्या, नजरेला नजर देणं हाच या मुलींना ताप. समोर बसू नका, शेजारी बसा. आणि मी बारा वर्षं “डोळ्यांत बघून बोल” म्हणून तिची हनुवटी वर करत होते!

मटार सोलायला शेजारी बसवलं. चौथ्या दिवशी, परातीकडे बघतच, ती म्हणाली, “डबा खाताना माझ्याजवळ कोणी बसत नाही.” तिला मैत्रीण हवी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अपंगत्वाच्या दाखल्याचं थोडक्यात: 2016 च्या कायद्यात बौद्धिक अपंगत्व येतं, सवलतींना ते कमीत कमी 40 टक्के लागतं. बुद्ध्यांक चाचणीला अनोळखी बाईंपुढे मनूने तोंडच उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा झाली.

खरा वेळ खाल्ला गोदाकाठच्या बुधवारच्या बाजाराने. आधी ती नुसती पिशवी धरायची. मग पैसे द्यायला लागली. घरी वाक्य घोटून घेतलं. सात-आठ बुधवार गेले. शेवटी एकदा जुड्यांकडे बघत पुटपुटली, “मावशी, कोथिंबीर केवढ्याला?”

“दहाला जुडी,” मावशी म्हणाल्या. त्याही जुड्याच निवडत होत्या, वर बघितलंच नाही.

वीसची नोट देऊन मनू सुटे न घेताच वळली. ते मी घेतले.