जाताना ओढ्यातला धोंडा बघून ठेवा

जून संपत आला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. पुण्याची मावसबहीण, कोल्हापूरची कॉलेजातली मैत्रीण, ऑफिसातल्या कुणाच्या तरी भावाचा ग्रुप, सगळ्यांचं एकच, साताऱ्याला येतोय, धबधबा सांग, गर्दी नसलेला सांग, जंगलातून चालत जायचा असला तर बेस्टच. दरवेळी प्रत्येकाला तेच तेच टाईप करत बसते म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मी साताऱ्यातच वाढले, शाळेत असताना यवतेश्वरचा घाट पायी चढून जायचो आम्ही बहिणी, आणि गेली बारा-तेरा वर्षं पावसाळ्यात एक रविवार आड तरी रानात असते. जे काही शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त वाटेवरच्या गावांतल्या माणसांनी शिकवलंय.

आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका.

पाच वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही आठ जण कासच्या सड्याखालच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाखालच्या, एका धबधब्याला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिकडे आत्ता गर्दी नाहीये आणि होऊ पण नये. सकाळी नऊला वाटेत एक ओढा लागला, घोट्याएवढं पाणी, इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती. ओढ्याच्या मधोमध एक काळा धोंडा होता आणि त्यात पांढऱ्या गारगोटीचा तळहाताएवढा पट्टा. मी त्याच धोंड्यावर बसून बुटाची लेस बांधली होती. मग धबधब्यापाशी गेलो, भिजलो, डबे खाल्ले, आणि दीडच्या सुमारास परत ओढ्यापाशी आलो तर तो ओढा ओळखूच येईना. चहाच्या रंगाचं पाणी, वर फेस, काटक्या आणि पालापाचोळा वाहत येतोय आणि आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. आणि आम्ही होतो तिथं तोवर नुसती भुरभुर होती, पाऊस असा पडलाच नव्हता. पाऊस पडला होता वर सड्यावर, जो आम्हाला दिसत पण नव्हता.

ग्रुपमधले दोघं म्हणाले हात धरून साखळी करू आणि जाऊ, मांडीएवढंच तर पाणी आहे. सोमवारी सगळ्यांना ऑफिस, गाडी पलीकडे, त्यामुळे बाकीचे पण तयार व्हायला लागले होते. तेवढ्यात पलीकडच्या काठावर गुरं घेऊन एक तात्या आले, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी. त्यांनी आमच्याकडं बघून जोरजोरात काठी हलवली, "आरं पोरांनू, पाण्यात उतरू नगा! त्यो गारंचा धोंडा दिसंस्तवर पाय घालायचा न्हाई, बसा तितंच!" आम्ही बसलो. ते पण पलीकडे बसून राहिले, आम्ही पळून पाण्यात उतरू अशी त्यांना भीती असावी. साडेतीनपर्यंत काही नाही, मग पाण्याचा रंग जरा फिका झाला, मग काठावरच्या मुळ्या उघड्या पडल्या, आणि पावणेपाचला तो पांढरा पट्टा पाण्याखाली हलताना दिसला. पूर्ण धोंडा वर आला तेव्हा साडेपाच झाले होते. चार तास बसलो म्हणून वाचलो, असं मी आजही मानते, कारण त्या ओढ्याच्या पुढं दोनशे पावलांवर कडा आहे.

तेव्हापासून प्रत्येक ओढा ओलांडताना मी एक धोंडा ठरवते आणि त्याचा फोटो काढते. परत येताना तो धोंडा तेवढाच उघडा असला तर उतरायचं, नसला तर बसायचं. सकाळी पाणी किती होतं हे डोळ्यांच्या आठवणीवर सोडू नका, दुपारी थकल्यावर आणि घरी जायची घाई असताना मन काहीही पटवून देतं.

आपल्याकडचा डोंगर कसा आहे ते लक्षात घ्या म्हणजे हे पटेल. वर सपाट सडा, जांभ्याचा नाहीतर काळ्या कातळाचा, त्यावर माती जेमतेम वीतभर. ती भिजली की पडेल ते पाणी मुरत नाही, सरळ वाहून कडेला येतं आणि घळीतून खाली कोसळतं. म्हणून अर्ध्या तासाच्या सरीत ओढा फुगतो, आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत तसाच उतरतो पण. धबधब्याखाली उभे असाल तेव्हा सारखं वर बघत राहा. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या यायला लागल्या, आवाजात घरघर वाढली, यातलं एक जरी झालं तरी बॅग उचलायची आणि बाजूला चढायचं, फोटो राहू दे. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल, काठ दहा-बारा पावलांवर होता आणि तरी ते हलू शकले नाहीत. मला ते बघून दोन रात्री झोप लागली नव्हती.

ओढा ओलांडायचाच असेल तर अरुंद जागा शोधू नका, तिथं पाणी खोल आणि जोराचं असतं, पसरट जागा बघा. बूट काढायचे नाहीत. सॅकचा कंबरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठी पुढं टेकवून, पाय उचलून न टाकता सरकवत तिरकं जायचं. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असलं की मोठा माणूस पण टिकत नाही. आणि दोर कंबरेला बांधून घेऊ नका, पडल्यावर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

दुसरी एक गोष्ट, जी बाहेरून आलेल्यांना हमखास चुकीची माहीत असते. वाट चुकलो तर पाण्याच्या कडेकडेनं खाली उतरा, गाव लागतंच, असं कुठंतरी वाचलेलं असतं. सह्याद्रीत हे कधीच करू नका! इथं पाणी पायऱ्यांनी उतरतं, काळ्या दगडाचे थर एकावर एक आहेत आणि प्रत्येक थराला कडा. भांबवलीचा वजराई धबधबा बघा, तीन टप्प्यांत ५६० मीटर खाली येतो. ओढ्याच्या मागं गेलात की कुठल्यातरी टप्प्याच्या टोकाला जाऊन उभे राहणार, खाली जाता येत नाही आणि आलेली घसरडी वाट वर चढवत नाही. चुकलात तर शेवटची जी खूण नक्की आठवते तिथवर मागं या, बस. आणि बहुतेक वेळा माणूस चुकतो ते ढोरवाटेमुळं. गुरांच्या वाटा मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात पण त्या दर दहा पावलांवर फुटतात आणि शेवटी कारवीच्या झुडपांत शिरून संपतात. दहा-पंधरा मिनिटं चाललात आणि एकही चॉकलेटचा कागद, बुटाचा ठसा किंवा कोयत्यानं तोडलेली फांदी दिसली नाही तर थांबा. (हो, कचरा टाकणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, पण वाट ओळखायला तो कागद उपयोगी पडतो हेही खरं. बघा, आणि परत येताना उचलून आणा.)

बुटांबद्दल सगळे विचारतात. महागडे बूट घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, निदान पहिल्या दोन पावसाळ्यांत तरी. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज मी वर्षानुवर्षं वापरतेय, ओल्या कातळावर चांगले धरतात. पण कुठलाही बूट शेवाळावर धरत नाही हे डोक्यात ठेवा. जांभा खडबडीत असतो, तो ओला असला तरी पाय धरतो, काळा गुळगुळीत कातळ नाही धरत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या कातळावर पाण्याची पातळ धार जिथं कायम वाहते ती जागा. तिथं गवताच्या कडेनं जा, नाहीतर सरळ बसून उतरा, त्यात काही कमीपणा नाही. जीन्स नको, भिजली की पायाला बेड्या घातल्यासारखं होतं.

जळवा. कोयनेच्या बाजूला, नवजा-ओझर्डेकडे, पावसात जळवा असतातच, बामणोलीच्या पलीकडच्या रानात पण. मुली फार घाबरतात म्हणून सांगते, जळू विषारी नसते. ती चावल्याचं कळत पण नाही आणि रक्त थांबत नाही कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, जखम काही मोठी नसते. ओढून काढू नका आणि काडी पेटवून चटका तर अजिबात देऊ नका, ती पोटातलं जखमेत ओकते. नख आडवं धरून तिच्या तोंडाखालून सरकवायचं की सुटते, मग धुवून दाबून धरायचं. गावातली माणसं तंबाखूचं पाणी लावतात, मी पण मोजे रात्री तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवते, वास येतो पण फरक पडतो. थांबलात की बोटांच्या बेचक्यात आणि कंबरेच्या इलॅस्टिकखाली बघून घ्या.

सापाचं थोडक्यात. हात जिथं दिसत नाही तिथं घालायचा नाही, कपारीत नाही, गवतात नाही, आणि आधाराला झाडाची फांदी धरण्याआधी बघायचं कारण हिरवा चापडा पानांत बसलेला दिसतच नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, यातलं काहीही नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून न्यायचं आणि १०८ ला फोन. फोन लागेल कुठं हे जातानाच बघून ठेवा, कासच्या पुढं नेटवर्क गेलं की गेलं. नकाशा आधीच डाऊनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाकडे वेगळी हवी, आठ जणांत एक नाही.

स्पीकर घेऊन येऊ नका, हात जोडून सांगते. कड्याच्या कपारीला आग्या मोहोळ असतं, आवाज, धूर, सेंट, कशानंही उठतं आणि अरुंद वाटेवर पळायला जागा नसते. गवे असतात, अस्वलं असतात, त्यांना तुम्ही येताय हे कळायला साधं बोलणं पुरतं. आणि दारू. पाण्याच्या काठावर दारू प्यायलेला माणूस बघितला की मी माझा ग्रुप घेऊन परत फिरते, मग कितीही चालून आलेलो असो.

कुठं जायचं विचाराल तर, लहान मुलं, आई-वडील बरोबर असतील तर ठोसेघर. साताऱ्यापासून तासाभराच्या आत, रेलिंग आहे, समोरून बघायचा, खाली उतरायचं नाही. चालायची सवय असेल तर वजराई, पण सकाळी लवकर, दुपारी धुक्यात दिसत पण नाही. वासोटा किल्ला पावसाळ्यात नाही! तो कोयना अभयारण्यात येतो, व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे ते, पावसाळ्यात बंदच असतो. पाऊस सरल्यावर बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, लाँचनं पलीकडे जायचं, चौकीवर आपल्याकडचं प्लास्टिक मोजतात ते परत आणून दाखवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. आणि निघायच्या आदल्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश निघालाय का ते बघा. निघाला असेल तर घरी भजी करा. आदेशाला पळवाट शोधत आडवाटेनं गेलेल्यांना काढायला शेवटी त्याच गावातली पोरं रात्री दोर घेऊन उतरतात, त्यांची पण आई घरी वाट बघत असते.

बायकांसाठी एक वेगळं. कोरडे कपडे सॅकमध्ये नेऊ नका, भिजतातच. वाटेवरच्या शेवटच्या घरात पिशवी ठेवा आणि कपडे बदलू का असं विचारा, मला आजवर एकाही घरानं नाही म्हटलेलं नाही. चुलीपाशी बसवतात वर.

आणि त्याच घरात जाताना जेवण सांगून जा. पिठलं, भाकरी, ठेचा, किती माणसं, किती वाजता परत येणार. पैसे आधी द्या. आमच्या एका मावशींकडे मी हे दरवेळी करते, भाकरीसाठी तर करतेच, पण खरं कारण वेगळं आहे. तुम्ही कुठल्या बाजूला गेलात आणि कधी यायला हवे होतात हे त्या डोंगरात एका माणसाला माहीत असतं. गेल्या वर्षी आम्हाला दोन तास उशीर झाला, धुक्यामुळं सड्यावरच बसून होतो, आणि खाली उतरलो तेव्हा मावशींचा नातू कंदील घेऊन अर्ध्या वाटेवर आला होता. "आजीनं धाडलंय," म्हणाला, "तवा दोनदा तापवून झाला तरी तुमी न्हाई म्हणून."