ही भाजी कुठली हो मावशी?

भाजी ऑरगॅनिक घ्यायची की लोकल, म्हणजे जवळपास पिकलेली, हा प्रश्न ठाण्यात जरा जपूनच विचारावा, कारण आपल्याकडे लोकलमध्ये इथल्याच येऊरच्या डोंगरावरची काकडीही आली आणि रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालकही आला. दिसायला काय हिरवागार असतो तो! पण नाल्यातलं जे मुळांवाटे वर चढतं ते मिठाच्या पाण्यात कितीही बुडवलं तरी निघत नाही.

बरं, मॉलमधलं ऑरगॅनिक घ्यावं तर इवल्याशा पाकिटात मूठभर गवार आणि भाव दुप्पट. ऑरगॅनिक मालावर असतो त्या सरकारी जैविक भारतच्या लोगोला मी नावं नाही ठेवत हं, तो लावायचा तर भाजीच्या शेतात साधारण दोन वर्षं आणि फळबागेत तीन वर्षं रासायनिक खतं-औषधं बंद ठेवायला लागतात, वर तपासणीचा खर्च, कागदपत्रं, मग महाग होणारच. म्हणून डाळ, तांदूळ, गूळ मी ऑरगॅनिक घेते, ते टिकतं तरी. पण प्लास्टिकमध्ये घुसमटलेली, कुठून कुठून फिरून आलेली मेथी? नको बाई.

आणि पावसाळा लागला की तर प्रश्नच मिटतो. स्टेशनबाहेर आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात, शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, नंतर कंटोळी. शेवळं घेतली की मावशी न मागता वर मूठभर काकडं, ती आंबट रानफळं, टाकते, त्याशिवाय घसा खाजतो म्हणून, आणि साफ कशी करायची तेही दटावून सांगते. या भाज्यांना कोण कशाला युरिया घालायला जाईल, जंगलात आपोआप उगवतात. सर्टिफिकेट नाही, पण तसं कायद्यातही वर्षाला १२ लाखांच्या आत धंदा असलेल्या छोट्या शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला ऑरगॅनिक म्हणून विकला तर सर्टिफिकेटची सक्ती नाहीये. मग सगळं विश्वासावर आलं, आणि त्यासाठी विकणारी ओळखीची लागते.

आमची नेहमीची भाजीवाली आहे ना, तिला भेंडी कुठली विचारलं की म्हणते, "वाशीची, ताई." आता वाशीच्या घाऊक मार्केटला भेंडी उतरते, पिकत नाही. नाशिकची असेल, जुन्नरची असेल, तिला तरी काय माहीत. पण पालकाचं विचारलं तर तोंड वाकडं करून हळूच सांगते, "आज नका घेऊ." मी भेंडीच घेते.